बरं वाटत असतानाच

चादरीची घडी एकटीला घालता येत नाही. म्हणजे येते, पण ती बघवत नाही. एक कड हनुवटीखाली दाबायची, हात फाकवायचे, मधला भाग जमिनीला टेकू नये म्हणून टाचा उचलायच्या, आणि एवढी सर्कस करून हातात येतं ते घडी कमी, बोचकं जास्त. म्हणून आमच्या लाँड्रीत चादरींना जोडी लागते.

माझी जोडी माझ्या धाकट्या जावेशी. एका घरात नांदतो आणि एका टेबलाशी काम करतो. नवीन आलेल्या बायका हे ऐकून आमच्याकडे डोळे विस्फारून बघायच्या. "जावाजावा? आणि दिवसभर समोरासमोर?" धाकटी म्हणायची, "हो ना. एरवी एकमेकींच्या झिंज्या धरल्या असत्या, आता चादर धरतो."

लाँड्री हॉस्पिटलांची. चादरी, अभ्रे, ऑपरेशनचे हिरवे कपडे. खालच्या खोलीत मळके कपडे निवडतात, मधल्या मजल्यावर धुतात, वर आम्ही वाळलेल्याच्या घड्या घालतो. "वर" आणि "खाली" हे आमच्याकडे नुसते मजले नाहीत. वर उजेड आहे, खिडक्या आहेत, कोरड्या कापडाचा ऊबदार वास आहे. खाली काय आहे ते विचारू नये. कुणाला शिक्षा द्यायची असली की तिला खाली पाठवतात. शिक्षा म्हणत नाहीत, "बदली" म्हणतात.

तर घडी. समोरासमोर उभं राहायचं, दोघींनी दोन-दोन टोकं धरायची, धाकटी म्हणणार, "धरा हं ताई," आणि दोघींनी एकदम मागे रेलून हिसका द्यायचा. हिसका नीट बसला की चादर फट्दिशी वाजते आणि चुण्या पळतात. मग एकमेकींकडे चालत यायचं, टोकाला टोक लावायचं, माझी टोकं तिच्या हातात, मी वाकून खालची दुमड उचलायची, पुन्हा मागे, पुन्हा हिसका. इतकी वर्षं केल्यावर ते काम राहत नाही, श्वास होतो.

तो हिसका माझ्या खांद्यात मुक्कामाला आला. चादर हातातून सुटायची, हिसका सुटायचा नाही. मग तो मानेत गेला, कमरेत उतरला, नडग्यांपर्यंत पोचला. घड्याळाचा पट्टा मनगटाला टोचायला लागला. कुणी मायेने पाठीवर हात ठेवला तरी डोळ्यांत पाणी यायचं, आणि ते मायेचं नसायचं. सकाळी उठायचे ती झोपेतही कुठेतरी पाळी करून आल्यासारखी. आणि शब्द पळायला लागले. अभ्रा समोर दिसायचा, नाव यायचं नाही. "ते दे ना, उशीचं ते..." मी चाचपडायचे. "झबलं," धाकटी गंभीर चेहऱ्याने म्हणायची. टेबलाशी हशा व्हायचा. हसण्यावारी नेलं की बरं असतं, निदान इतरांना.

तपासण्या झाल्या. रक्त, लघवी, फोटो, पुन्हा रक्त. सगळं नॉर्मल. आमचे हे रिपोर्ट हातात घेऊन लहान मुलासारखे खूश झाले. "बघ! काही निघालं नाही!" मी दवाखान्याच्या बाकावर बसून रडले. त्यांना वाटलं आनंदाने रडते आहे. त्यांनी माझी पाठ थोपटली, म्हणून आणखी रडले.

शेवटी एक डॉक्टरीणबाई भेटल्या. चष्मा नाकावर घसरलेला, बोलणं तुटक. त्यांनी बोटांनी ठिकठिकाणी हलकं दाबलं, झोपेचं विचारलं, शब्द हरवतात का विचारलं. हे शेवटचं मी त्यांना सांगितलं नव्हतं. मग त्या म्हणाल्या, "फायब्रोमायल्जिया. रिपोर्टमध्ये दिसत नाही. पण आहे."

पण आहे. त्या दोन शब्दांसाठी मी त्यांचे पाय धरले असते, वाकता आलं असतं तर.

"मी बरी होईन ना?"

"बरं वाटेल," त्या म्हणाल्या. "बरं होणं वेगळं, बरं वाटणं वेगळं. आपण यातल्या दुसऱ्यासाठी खटपट करू."

घरी त्या नावाचं काय झालं ते बघा. धाकटीची जीभ दोनदा अडखळली आणि मग तिने त्याचं "फायबर" करून टाकलं. "ताईंना फायबर झालंय. बादलीचं असतं ना, ते."

खटपट अशी होती. निजण्याआधी एक छोटी गोळी. झोपायची वेळ ठरलेली, उठायचीही. गरम पाण्याने शेक. पलंगावर पडल्या पडल्या हातपाय हळूहळू ताणायचे. रोज थोडं चालायचं, आधी अगदी थोडं. औषधाच्या दुकानातला माणूस गोळी बघून अख्ख्या रांगेला ऐकू जाईल असं म्हणाला, "ही मनाच्या आजाराची आहे, माहीत आहे ना?" डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं की हीच गोळी कमी मात्रेत दुखण्यावर आणि झोपेवर चालते. पण सोबत आलेल्या आमच्या ह्यांनी ऐकलं ते ऐकलंच. घरी आलो. दारात चप्पल काढताना म्हणाले, "माझं काही चुकलं का गं?" मी हसले. हसताना बरगड्या दुखल्या.

चालण्याची कथा निराळी. कोपऱ्यावरच्या दिव्याच्या खांबापर्यंत जायचं आणि परत यायचं. शेजारीण गॅलरीतून बघायची. "कामाला अंग दुखतं, फिरायला बरं दुखत नाही!" हे तिने मला सांगितलं नाही, तिसऱ्याच बाईला सांगितलं, म्हणजे मला कळणारच.

हे सगळं जमलं. जे जमेना ते डॉक्टरीणबाईंनी सगळ्यात शेवटी, सहज सांगितलं होतं. "दमल्यावर थांबायचं नाही. दमायच्या आधी थांबायचं. बरं वाटत असतानाच."

आता माझी आई एका शब्दाला फार भ्यायची आणि तो तिने आम्हा मुलींना दुधातून पाजला: अंगचोर. आळशी चालेल, वेंधळी चालेल, पण अंगचोर नको. काय शब्द आहे पण. अंग आपलं, ते जरा बाजूला ठेवलं तर चोरी! ताप अंगात घेऊन आईने धुणी धुतली. मी त्याच घाटाची. जरा बरं वाटलं की त्या दिवशी मी डोंगर उपसायचे: कपाटं आवरायचे, टेबलावर इतरांच्या चादरीही ओढून घ्यायचे. दाखवायचं असायचं ना, की मी तशी नाही. मग पुढचे कितीतरी दिवस भिंत धरून चालायचं. आणि इथे ही बाई सांगते, धडधाकट दिसत असताना, हातात जोर असताना, सगळ्यांदेखत काम सोडून उभी राहा.

शिवाय मी थांबले की धाकटीही थांबणार. अर्धी चादर हातात घेऊन ती करणार काय?

मी तिला हे सांगितलं तेव्हा ती भाजी चिरत होती. तिने मान वर केली नाही. "एवढंच ना?" म्हणाली.

दुसऱ्या दिवशी आमची पहिली ढकलगाडी रिकामी झाली, मी दुसरीतली चादर उचलणार, तेवढ्यात धाकटीने हात झटकले आणि मोठ्याने म्हणाली, "बाई गं, माझा घसा सुकला. ताई, थांबा जरा, पाणी पिऊन येते." गेली ती अशी सावकाश, की मी भिंतीला टेकून पुरेशी बसले. पुढच्या गाडीला तिच्या चपलेचा अंगठा ढिला झाला. त्याच्या पुढच्या गाडीला तिच्या डोळ्यात काहीतरी गेलं.

"किती वेळा जाशील पाण्याला?" मी घरी जाताना म्हटलं.

"मधुमेह झाला म्हणेन."

"लोक काय म्हणतील?"

"काय म्हणायचं ते मला म्हणतील. मला काय, मी धाकटी आहे. धाकट्या तशा असतातच."

मी तिला थांबवायला हवं होतं का? तेव्हा मला फक्त एवढंच कळत होतं, की रोज ठरलेल्या वेळी माझ्या अंगाला टेकायला मिळतंय आणि तो शब्द माझ्याकडे येत नाहीये.

आणि गुण आला. हळूहळू आला, पण आला. झोप लागायला लागली, खरी, तळाशी जाणारी. खांबाच्या पुढे जायला लागले. "अभ्रा" म्हणता यायला लागलं. दुखणं गेलं नाही. आधी समोर खुर्ची टाकून बसायचं, ते आता दाराबाहेर जाऊन बसलं. आत बोलावलं नाही तर बऱ्याचदा येत नव्हतं. माझ्या चेहऱ्यावर तकाकी आली असं सगळे म्हणत.

आमच्या सुपरवायझरबाईंना आम्ही इस्त्री म्हणतो. कपड्याला चुणी नाही, चेहऱ्यालाही नाही. वाईट नाहीत, गरम असतात एवढंच. एके सकाळी त्या आमच्या टेबलाशी आल्या आणि धाकटीला म्हणाल्या, "तुमची बदली खाली केली आहे. उद्यापासून."

धाकटीच्या हातात चादरीची दोन टोकं होती, माझ्या हातात दोन. चादर मध्ये लोंबत राहिली.

"का?" मी विचारलं.

"मी त्यांच्याशी बोलते आहे."

"का?" धाकटीने विचारलं.

"घसा, चप्पल, डोळा. गाडी संपली की तुमचं काही ना काही निघतं. मला दिसत नाही असं वाटतं का? या बिचाऱ्या मुकाट तुमची वाट बघत उभ्या राहतात." या बिचाऱ्या म्हणजे मी. मग त्यांनी तो शब्द म्हटला. ओरडून नाही, नोंद केल्यासारखा. "अंगचोर माणसं वर चालत नाहीत."

धाकटी हसली. तिला वाईट वाटलं की ती आधी हसते. मला वाटलं ती आता सांगेल. ती म्हणाली, "खाली पाणी जवळ असेल, नाही?"

त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी इस्त्रीच्या खोलीत गेले. सगळं सांगितलं. दुखणं माझं, थांबे माझ्यासाठी, डॉक्टरांनीच सांगितलंय. इस्त्रीने शांतपणे ऐकलं. मग माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं.

"तुम्ही तर आता छान दिसता."

"त्या थांब्यांमुळेच."

"रिपोर्ट आहेत?"

 रिपोर्ट होते. सगळं नॉर्मल होतं.

"जावेसाठी जीव तुटतो, ते कळतं मला," त्या जवळजवळ मायेने म्हणाल्या. "पण माझ्यासमोर खोटं बोलायची वेळ स्वतःवर आणू नका. चांगल्या बाई आहात."

मी बाहेर आले. आजारी होते तेव्हा कुणी मानलं नाही, कारण कागदात दिसत नव्हतं. आता मानत नाहीत, कारण तोंडावर दिसत नाही. हसू आलं मला. खरंच आलं.

धाकटी खाली गेली. संध्याकाळी घरी आली की आधी कोपरापर्यंत हात घासायची, मग पुन्हा घासायची. खाली गाठोडी सोडायची, रक्ताचं वेगळं, ओलं वेगळं, दुमडीत सुई राहिली असेल तर ती आपल्या बोटात जायच्या आधी शोधायची. ती गमती सांगायची. आज चादरीत कवळी सापडली. आज चष्मा. आज बाळाचा एकच मोजा. मोजा सांगताना तिचा आवाज जरा वेगळा झाला. जेवणाला मात्र ती बसायची नाही. नंतर जेवते म्हणायची आणि नंतर झोपून जायची. वासामुळे अन्न जात नव्हतं. तिचं मनगट बांगडीत फिरायला लागलं, हे मला दिसत होतं.

"मी पुन्हा बोलते त्यांच्याशी," मी म्हटलं.

"बोलून झालंय ना तुमचं? झालं तर मग. गुण आलाय, तो टिकवा. माझं एवढं पाणी पिणं फुकट घालवू नका."

मला नवी जोडीदारीण मिळाली. दणकट, मनाने चांगली, आम्ही तिला पैलवान म्हणायचो. ती न सांगता हिसका द्यायची, आणि असा की माझे दात वाजायचे. गाडी संपली की ती लगेच दुसरी ओढायची. आणि मी? मी थांबले नाही. पाणी प्यायला जायला माझ्याकडे धाकटी नव्हती. स्वतःच्या नावावर थांबायचं, तर तो शब्द स्वतःच्या नावावर घ्यायचा. मी चादरीमागून चादर ओढत राहिले आणि दाराबाहेर बसलेलं ते आत आलं, खुर्ची घेऊन. पुन्हा पट्टा टोचला. पुन्हा अभ्रा हरवला, आणि "झबलं" म्हणायलाही कुणी नव्हतं.

साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी मी पडून राहिले, शेक घेतला, झोपले. दुसऱ्या दिवशी कामावर गेले तेव्हा खरोखर बरं वाटत होतं. खिडकीतून ऊन आलं होतं, पैलवान गाणं गुणगुणत होती. पहिली गाडी संपली. माझ्या हातात जोर होता, आणखी दोन गाड्या सहज ओढल्या असत्या. मी टोकं खाली ठेवली, स्टूल ओढलं आणि सगळ्यांच्या मधोमध बसले.

पैलवान घाबरली. "काय झालं?"

"काही नाही झालं."

टेबलाटेबलांवरचे हात थांबले. इस्त्री आल्याच. "काय होतंय तुम्हाला?"

"काही होत नाहीये बाई. म्हणूनच बसले. काही झाल्यावर बसून उपयोग नसतो."

कुणीतरी खुदकन हसलं. मागून एकीने तो शब्द म्हटला, हळू, पण मला ऐकू येईल इतपत. इतकी वर्षं ज्याला टाळत आले तो शब्द अखेर माझ्याकडे आला, आणि आश्चर्य म्हणजे तो कुठेच दुखला नाही. आतापर्यंत बाकी सगळंच दुखून झालं होतं म्हणूनही असेल.

"म्हणजे इतके दिवस थांबत होतात त्या तुम्ही?" इस्त्री म्हणाल्या.

"मीच. तिचा घसा कधी सुकलाच नव्हता."

 त्यांच्या कपाळावर मी पहिल्यांदा चुणी बघितली. मी म्हटलं, "डॉक्टर चिठ्ठी देतील. हलकं काम द्या मला."

"हलकं काम इथे नाही," त्या म्हणाल्या. हे त्या दुष्टपणाने म्हणाल्या नाहीत, खरंच नव्हतं. "इथे ओलं काम आहे आणि वाळलेलं काम आहे."

मग धाकटी वर आली आणि मी खाली गेले.

हिशोब बरोबर झाला म्हणायचा. धाकटी चार घास जेवायला लागली. मात्र माझ्याशी बोलेना. ताट वाढायची, पाणी तापवून ठेवायची, पण तोंडातून शब्द नाही. आमचे हे आम्हा दोघींच्या मध्ये बसून विनाकारण खाकरायचे. शेवटी एकदा ती भांडी घासता घासता उसळली. "मी तुम्हाला सांगितलं होतं का सांगायला? मी माझं मस्त चोर म्हणून राहिले होते!"

"मग मीही राहते की."

"तुम्हाला जमत नाही ते. तुमचा चेहरा बघा."

चेहरा उतरलाच होता. खाली ओली गाठोडी ओढायला लागतात, वाकायला लागतं. मी मध्ये मध्ये बसते, खाली कुणी बघत नाही, तो एक फायदा. पण ओझं ते ओझंच. डॉक्टरीणबाईंनी चष्मा वर सरकवला आणि म्हणाल्या, "पुन्हा पहिल्यापासून. आधी खांबापर्यंतच." दुसरीकडे काम बघा, असंही म्हणाल्या. बघते आहे. माझ्या वयाच्या बाईला, जी बरी दिसते आणि मध्ये मध्ये बसते, कुणी ठेवून घेत असेल तर.

काल दोघींना सुट्टी होती. धाकटीने घरच्या चादरी धुतल्या होत्या. वाळलेली मोठी चादर घेऊन ती खोलीत आली, सवयीने दोन टोकं माझ्याकडे केली. मग थांबली.

"आज कसं आहे?"

मी अंगाची चाचपणी केली. खांदे गप्प होते. रात्री झोप लागली होती, सकाळी खांबापर्यंत जाऊन आले होते. "आज बरं वाटतंय," मी म्हटलं. खरंच वाटत होतं.

"मग धरता?"

तिने टोकं पुढे केलेलीच होती. एकच चादर. माझे हात आपोआप उचलले गेले होते. मी ते परत मांडीवर ठेवले.

"नाही," मी म्हटलं.

 मग तिने चादरीची कड हनुवटीखाली दाबली, हात फाकवले, टाचा उचलल्या. चादर एका बाजूने घसरली, तिने गुडघ्याने सावरली, पुन्हा घसरली. मी नुसती बसून बघत होते. माझ्या आयुष्यात इतकं कठीण काम मी केलेलं नाही. शेवटी जे काही झालं ते तिने दोन्ही हातांनी चेपलं आणि कपाटात, सरळ घड्यांच्या वर, तसंच वाकडं कोंबलं.

"झबलं झालं त्याचं," ती म्हणाली आणि कपाटाचं दार लावून घेतलं.